टनभर उसाचा हिशेब

एक टन ऊस काट्यावर चढतो तेव्हा त्यात जवळपास ७०० लिटर पाणी असतं. १३० ते १५० किलो तंतू असतो, साखर त्याहून थोडी कमी, आणि उरलेल्यात क्षार, मेण, रंगद्रव्यं नि शेतातून चिकटून आलेली माती. पोत्यात भरली जाते ती जेमतेम १०० ते ११५ किलो साखर. म्हणजे कारखान्यात येणाऱ्या मालातला नव्वद टक्के माल साखर नसतोच. या नव्वद टक्क्यांचं पुढे काय होतं, ही माझ्या मते महाराष्ट्राच्या कारखानदारीतली सर्वांत नवलाची गोष्ट आहे. राज्यात हिवाळा लागला की सुमारे २०० कारखान्यांची धुराडी पेटतात आणि चांगल्या हंगामात १,००० लाख टनांहून जास्त उसाचं गाळप होतं. कच्च्या मालाबरोबर इंधन आणि पाणीही दारात येतं, असे उद्योग जगात फार थोडे आहेत. साखर कारखाना त्यांतला एक.

हंगाम सुरू होण्याआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मग गव्हाणीची पूजा करून पहिली मोळी टाकतात. गव्हाण म्हणजे ऊस वाहून नेणारा रुंद, सरकता पट्टा. त्यावरून ऊस आधी फिरत्या सुऱ्यांखाली जातो, मग श्रेडरमध्ये त्याच्या बारीक काड्या होतात आणि त्या चार-पाच मिलमधून एकामागून एक दाबल्या जातात. प्रत्येक मिलमध्ये जडशीळ लोखंडी रूळ. शेवटच्या मिलच्या तोंडावर गरम पाण्याचा फवारा मारतात, कारण नुसत्या दाबाने निघत नाही ती साखर पाण्यात विरघळून निघते. शेवटच्या मिलमधून बाहेर पडतो तो बगॅस. टनाला २७० ते ३०० किलो. हाताला दमट लागतो, कारण त्यात निम्मं पाणीच असतं, तरीही तो तसाच बॉयलरमध्ये जातो आणि जळतो. एक टन बगॅसपासून दोन टनांहून जास्त वाफ तयार होते. ना कोळसा, ना तेल.

या बगॅसवर प्रयोगशाळेची जी नजर असते ती पाहण्यासारखी आहे. पाळीतला केमिस्ट ठरावीक वेळाने मिलच्या तोंडाशी जाऊन मूठभर बगॅस घेतो, डब्यात बंद करतो, तोलून पाण्यात उकळतो आणि त्या पाण्यातली साखर पोलॅरीमीटरवर मोजतो. सर्वसाधारणपणे ती बगॅसच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास निघते. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना घेतला तर त्याचा बगॅस होतो सुमारे १,४०० टन, आणि त्यातली दोन टक्के म्हणजे २८ टन साखर रोज भट्टीत जाते. हा आकडा दोनवरून १.८ वर आला तर दिवसाला पावणेतीन टन साखर वाचली. म्हणून चीफ केमिस्टच्या टेबलावर रोज सकाळी जो तक्ता येतो त्यात बगॅसमधली साखर, प्रेसमडमधली (रसाच्या गाळातली) साखर, मळीतली साखर, आणि कशातच न सापडणारी ‘अज्ञात’ साखर, असे वेगवेगळे रकाने असतात. हरवलेल्या साखरेचाही रकाना ठेवणारा उद्योग आहे हा. हे लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता वाफ. जुन्या बॉयलरमधली वाफ मिल फिरवायची आणि रस आटवायची, त्यात तिचं काम संपायचं. उरलेल्या बगॅसचं काय करायचं हाच प्रश्न असे. नव्या कारखान्यांतले बॉयलर ६७, ८७, काही ठिकाणी ११० ॲटा इतक्या दाबाचे असतात. जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज करते, आणि तिथून दमून बाहेर पडलेल्या कमी दाबाच्या वाफेवर रस आटतो. एकाच वाफेची दोन कामं. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. कारखाना स्वतःची गरज भागवून उरलेली वीज महावितरणला विकतो, आणि तीही ऐन रब्बीत, म्हणजे शेतीपंपांची मागणी वाढलेली असते तेव्हा.

रस आटवण्याच्या यंत्रापाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण त्यामागे एक मोठा माणूस आहे आणि आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. नॉर्बर्ट रिल्यू. जन्म १८०६, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. वडील गोरे इंजिनिअर, आई कृष्णवर्णीय वंशाची. पॅरिसला शिकला, तिथेच वाफेच्या यंत्रांवर शिकवू लागला आणि मग लुईझियानात परतला. तिथल्या उसाच्या मळ्यांवर तेव्हा रस उघड्या कढयांच्या रांगेत आटवत. गुलाम माणसं लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस या कढईतून त्या कढईत ओतत, भाजून निघत, आणि प्रत्येक कढईखाली लाकडांचे ढीग जळत. रिल्यूने बंद पात्रं एकामागून एक जोडली. पहिल्या पात्रातल्या रसाची जी वाफ होते ती दुसऱ्या पात्राखाली नेली. दुसऱ्यात हवेचा दाब कमी ठेवला, म्हणून तिथला रस कमी उष्णतेवर उकळतो आणि पहिल्याची वाफ त्याला पुरते. त्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. रिल्यूची पेटंटं १८४३ आणि १८४६ची. चार पात्रांच्या जोडणीत एक किलो वाफेवर जवळपास चार किलो पाणी उडतं. इंधन वाचलं, साखर करपायची थांबली आणि उकळत्या रसाशेजारी माणूस उभा करायची गरज संपली. पर्यावरण आणि कामगार या दोघांचं भलं एकाच युक्तीने साधल्याचं इतकं नेमकं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही. आज सांगली-कोल्हापूरपासून ब्राझीलपर्यंत ज्या ज्या कारखान्यात रस आटतो, त्या त्या कारखान्यात रिल्यूचंच तत्त्व चालू असतं. स्वतः रिल्यूला मात्र काळ्या रक्ताचा माणूस म्हणून त्या शहरात धड जगता आलं नाही. तो पॅरिसला परतला आणि १८९४ साली तिथेच वारला.

आटून घट्ट झालेला पाक पॅनमध्ये जातो. इथे अजूनही माणसाच्या नजरेचं राज्य आहे. पॅनमन पितळी प्रूफस्टिक पॅनमध्ये सरकवून थेंबभर पाक काढतो, काचेच्या पट्टीवर बोटाने पसरतो आणि दिव्यासमोर धरतो. दाणा धरलाय का, सगळे दाणे एकसारखे आहेत का, मध्येच बारीक खोटा दाणा उठलाय का, हे त्याला क्षणात कळतं. मीटर आले, संगणक आले, तरी ही काचेची पट्टी गेलेली नाही. दाणा बिघडला तर तो पाक पुन्हा विरघळवून आटवावा लागतो, म्हणजे वाफ दुप्पट. चांगला पॅनमन इंधन वाचवतो, ही गोष्ट कुठल्याच अहवालात येत नाही.

आटवणीतून उडालेली वाफ थंड झाली की पाणी होतं, आणि हे पाणी उसातूनच आलेलं असतं. टनाला ७०० लिटर म्हटलं ते हेच. पूर्वी ते गरम आणि किंचित साखर असलेलं पाणी नाल्याला सोडलं जायचं, वर कारखाना नदीतून नवं पाणी उचलायचा. आता ते शुद्ध करून बॉयलरला, मिलवर, कूलिंग टॉवरला फिरवतात. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१६ साली नियम कडक करून टनामागे २०० लिटरहून जास्त सांडपाणी बाहेर जाऊ नये असं ठरवलं, तेव्हापासून या फिरवाफिरवीला वेग आला. नीट चालवलेला कारखाना हंगामात नदीकडे जवळपास पाहतच नाही.

शेतातल्या पाण्याचा हिशेब वेगळा आहे, आणि तो झाकून चालणार नाही. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने नोंदवलं आहे की राज्यातल्या लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. गव्हाणीच्या अलीकडे लिटर-लिटर जपायचा आणि पलीकडे पाट मोकळा सोडायचा, याला टिकाऊपणा म्हणता येत नाही. उसाला ठिबकशिवाय पर्याय नाही, आणि दुष्काळी तालुक्यांत ऊसच नको, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

उपपदार्थांमध्ये सर्वांत अवघड मळी. साखरेचे दाणे वेगळे काढून राहिलेला काळा, चिकट द्रव. टनाला ४० ते ४५ किलो. तिच्यापासून डिस्टिलरीत अल्कोहोल होतं आणि आता ते इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये जातं. पण एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो, काळपट तपकिरी आणि उग्र वासाचा. त्याचा सेंद्रिय भार घरगुती सांडपाण्याच्या शंभर-दीडशे पट असतो. असं पाणी नदीत उतरलं की ते पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतं. पंचगंगा, कृष्णा, नीरा या नद्यांच्या काठच्या लोकांना मेलेल्या माशांचे खच माहीत आहेत; ‘मळीमिश्रित पाणी’ हा वर्तमानपत्रातला ठरलेला मथळा होता. २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांबरोबर जो कृती आराखडा केला त्यात डिस्टिलऱ्यांना थेंबही बाहेर सोडायचा नाही असं ठरलं. त्यानंतर स्पेंटवॉशमधून आधी बायोगॅस काढायचा आणि राहिलेलं पाणी प्रेसमडच्या ढिगांवर शिंपडून खत करायचं, ही पद्धत रुळली. पण पावसाळ्यात तेच ढीग पाझरतात आणि शेजारच्या विहिरी लाल होतात. म्हणून आता स्पेंटवॉश आटवून घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये बगॅसबरोबर जाळतात.

जळून राहिलेल्या राखेत असतं पालाश. ऊस जमिनीतून भरपूर पालाश उचलतो. ते साखरेत जात नाही. रसातून मळीत, मळीतून स्पेंटवॉशमध्ये आणि तिथून राखेत येतं. भारत पालाशयुक्त खत जवळपास सगळंच परदेशातून जहाजाने आणतो. इथे मात्र ते कारखान्याच्या राखेत पडलेलं. २०२१ पासून या राखेपासून केलेल्या पालाश खताला केंद्राच्या खत अनुदान योजनेत जागा मिळाली, त्यात किमान १४.५ टक्के पालाश असावं लागतं. ज्या पाण्याने नदी मरायची त्यातूनच शेताचं घेतलेलं शेताला परत जातं.

प्रेसमडचीही तीच गत. रस निवळताना चुन्याबरोबर खाली बसलेला गाळ. टनाला ३० ते ४० किलो. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तो ट्रॉल्या भरून नेत आले. आता त्यापासून वाहनांसाठीचा बायोगॅस करायचे प्रकल्प उभे राहत आहेत, आणि गॅस काढून घेतला तरी खत उरतंच.

हे सगळं जिथे वाढलं ती माती सहकाराची आहे. १९५० साली नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या लोणी इथे विठ्ठलराव विखे पाटलांनी राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. सावकाराच्या पाशातल्या शेतकऱ्याने स्वतःच्या उसाचा मालक व्हायचं, आणि नफा गावातच राहायचा, ही कल्पना. ती फळाला आली. या कारखान्याभोवती वसलेल्या प्रवरानगरला शाळा, तंत्रनिकेतन, रुग्णालय झालं. वारणेला तात्यासाहेब कोरे यांनी कारखान्याच्या जोडीला दूध संघ, शिक्षणसंस्था आणि मुलांचा वाद्यवृंदही उभा केला. कारखान्याने सभोवतालच्या समाजाचं देणं लागतं असं मानावं, हे आज कंपन्यांना कायद्याने सांगावं लागतं. ते या माणसांनी कायदा यायच्या कितीतरी आधी करून दाखवलं. पुढे राजकारणाने अनेक कारखाने पोखरले, काही बुडाले, काही कवडीमोलाने विकले गेले. तरी मूळ काम मोठंच.

पण त्या रचनेत पहिल्या दिवसापासून एक फट होती. सभासद व्हायचं तर ऊस पिकवायला हवा. ऊस पिकवायला जमीन आणि पाणी हवं. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो कोयता घेऊन येतो.

बीड, अहिल्यानगरचा पूर्वभाग, जालना, परभणी, धाराशिव. दिवाळी झाली की इथून लाखो माणसं पाच-सहा महिन्यांसाठी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो आणि हंगामभर ती फेडायची. थंडीत पहाटे तीन-चारला उठायचं, फडात जायचं. एक जण बुडख्याशी वाकून तोडतो, दुसरी पाचट काढते, वाढे छाटते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडीत टाकते. दिवसाकाठी एका कोयत्याचा दीड ते दोन टन ऊस. वाढ्याच्या पेंढ्या संध्याकाळी चाऱ्यासाठी विकून मीठमिरचीला रोख मिळतं. फडातसुद्धा काही वाया जात नाही, ते असं. रात्री गाडी भरायची वेळ झाली तर पुन्हा उठायचं. राहायला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. पाणी, संडास, दिवा जिथे मिळेल तिथे.

उसाच्या पानाला बारीक कूस असते, ती हाताला, मानेला टोचते. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी नव्या वाणाचं वर्णन करताना उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण) आणि टनेजबरोबर ‘पाचट सहज निघते, पानावर कूस नाही’ असंही नोंदवतात. तोडणाऱ्याच्या हाताचा विचार करून लिहिलेल्या अशा ओळी या साऱ्या उद्योगात मोजक्याच आहेत, म्हणून मला त्यांचं मोल फार वाटतं. कूस आणि पाचट टाळायला कधी फड पेटवून देतात. तोडणी सोपी होते; पण जमिनीतले जिवाणू होरपळतात, खोडव्याला आच्छादन राहत नाही, आणि जळित उसाला भाव कापून मिळतो. जमीन वाचवायची तर हिरवा ऊस तोडायला हवा, आणि हिरवा ऊस तोडायचे कष्ट कोयत्याच्या वाट्याला. हा पेच फक्त जास्त मजुरीनेच सुटू शकतो.

तोडणारा माणूस कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. कारखाना पैसे देतो तोडणी-वाहतूक यंत्रणेला, ती मुकादमाला, मुकादम टोळीला. तोडणीचा खर्चही शेवटी शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वळता होतो. म्हणजे ज्या कचेरीत हरवलेल्या साखरेला रकाना आहे, त्या कचेरीत ऊस तोडणाऱ्या बाईच्या नावाला रकाना नाही. ती नवऱ्याच्या कोयत्यात मोजली जाते, पैसे त्याच्या हाती जातात. एक दिवस काम चुकलं तर खाडा पडतो, वर दंड. पाळीचे दिवस, गरोदरपण, आजारपण, सगळ्याला तोच नियम. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांच्या बातम्या आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साखरेच्या पोत्यावर हे कुठेही छापलेलं नसतं.

तेव्हापासून काही हललं आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ झालं. त्याच्या निधीसाठी कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये द्यायचे असं ठरलं. ओळखपत्रासाठी नोंदणी सुरू झाली, आणि आईबाप फडावर गेले तरी मुलं शाळेत राहावीत म्हणून वसतिगृहांची योजना आली. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. दोन टन तोडले तर दोन माणसांना मिळून सव्वासातशे, त्यातून उचल वजा.

तोडणी यंत्रंही वाढत आहेत. एक यंत्र दिवसाला जो ऊस तोडतं त्याला पन्नास-साठ कोयते लागले असते. यंत्राला रुंद सरी हवी, उसाबरोबर पाचट जास्त येतं, उतारा थोडा घसरतो. कारखाने त्याचीही वजावट टक्क्यात काढतात. यंत्रामुळे घरी बसणाऱ्या पन्नास-साठ जोड्यांचा हिशेब मात्र ज्याने त्याने आपापल्या गावी करायचा आहे. महामंडळाचे टनाला १० रुपये म्हणजे १,००० लाख टनांच्या हंगामाला १०० कोटी रुपये होतात. तेवढ्यात बालाघाटच्या डोंगररांगांतल्या गावांना पाणलोटाची कामं देता येतील, फडाशेजारी संडास आणि पाळणाघर बांधता येईल, आणि कोयत्यातल्या प्रत्येक बाईचं नाव तिच्या स्वतःच्या बँक खात्यासह कारखान्याच्या नोंदवहीत लिहिता येईल. शेवटच्या कामाला तर पैसेही लागत नाहीत. गाळप सुरू व्हायच्या आधी शेतकी खात्याच्या कारकुनाने एक रकाना जास्त आखायचा आहे.